शब्द शेपटीकडून वाचा

नर्सिंग किंवा फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षी इंग्रजी संज्ञा घोकत बसू नका, त्या फोडा. आणि फोडताना सुरुवात शेवटाकडून करा. ‘कोलेसिस्टेक्टॉमी’ घ्या: एक्टॉमी म्हणजे काढून टाकणे, सिस्ट म्हणजे पिशवी, कोल म्हणजे पित्त. झाली पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया!

शेपटीतच सर्वाधिक घोळ होतो. ‘ओटॉमी’ म्हणजे नुसता छेद, ‘ऑस्टॉमी’ म्हणजे छेद देऊन बाहेर उघडणारे तोंड तयार करणे. कोलेक्टॉमीत मोठे आतडे, पूर्ण किंवा काही भाग, काढतात. कोलोस्टॉमीत ते पोटाच्या भिंतीवर उघडतात. नोंदीत एक अक्षर चुकले की रुग्णावर झालेली शस्त्रक्रियाच बदलते.

काही जोड्या मोठ्याने म्हणूनच पाठ कराव्यात. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिस्फेझिया म्हणजे भाषेची अडचण. इलियम तर उच्चारात सारखेच, त्यामुळे स्पेलिंग लिहूनच पक्के करा: मधे ‘आय’ असेल तर कमरेचे हाड, ‘ई’ असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग.

मराठी मुलांना एक आयता फायदा आहे. ऑस्टिओ आणि अस्थी, डेंटल आणि दंत ही मुळातच भावंडे.

संक्षेप मात्र जपून. इन्सुलिनच्या १० पुढे हाताने ‘यू’ लिहिला, तर तो शून्यासारखा दिसून १०० वाचला जातो, म्हणजे दहापट डोस. ‘युनिट’ हा शब्द पूर्णच लिहा.