जांभ्याच्या चार पायऱ्या

गुहागरजवळ आमच्या पर्यटकांसाठीच्या पाच खोल्या आहेत. स्वयंपाकघर मागे, जेवणाची पडवी पुढे आणि मध्ये जांभ्याच्या चार पायऱ्या. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ चढतं हे कोकणात कुणाला सांगायला नको. आम्ही "जपून हां" म्हणायचो, की झालं. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आलेल्या, घर भरलेलं. दुपारचा दीड, पडवीत बावीस पानं मांडलेली आणि आमच्या स्वयंपाकाच्या मावशी आमटीचं पातेलं घेऊन निघाल्या. मला फक्त आवाज आला.

मनगट मोडलं, हातावर गरम आमटी. कुणीतरी टूथपेस्ट फासली, मी बर्फ शोधत बसले. दवाखान्यात डॉक्टर चिडलेच. भाजलं की लगेच वाहत्या नळाखाली धरायचं, घड्याळ लावून वीस मिनिटं. बर्फ नाही, पेस्ट नाही, हळद नाही. सूज चढायच्या आत बांगड्या-अंगठी काढायची. आम्ही ते केलंच नव्हतं, त्यामुळे मावशींच्या हिरव्या बांगड्या तिथे वाढवाव्या लागल्या. त्याचं त्यांना हाताइतकंच लागलं.

पैशाचं म्हणाल तर आमच्याकडे दहा माणसंही कामाला नाहीत, म्हणून ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, नव्हता. मावशींचा बँकेतला, वर्षाला 20 रुपये हप्त्याचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा होता, पण तो मृत्यू नाहीतर कायमचं अपंगत्व आलं तरच. मोडून जुळलेल्या हाताला त्यातून दमडी नाही. औषधपाणी आणि बसल्या दिवसांचा पगार आम्ही दिला, द्यायलाच हवा होता. नंतर कामाच्या माणसांसाठी अपघाताची वेगळी पॉलिसी काढली.

गणपती झाल्यावर एक दोनशे पानी वही स्वयंपाकघरात टांगली. भाजलं, कापलं, घसरलं, पडता पडता वाचलं, सगळं वेळेसकट लिहायचं. आठवडाभर वही कोरी. ओरडा बसेल ही भीती. मग पहिली नोंद मीच केली: मोदकपात्राचं झाकण स्वतःकडे उघडलं, वाफेने हात कोपरापर्यंत लाल. झाकणाची पलीकडची कड आधी उचलायची म्हणजे वाफ पलीकडे जाते, हे मला लहानपणापासून माहीत, घाईत विसरले. वहिनीच चुकतात म्हटल्यावर वही भरायला लागली.

दिवाळीआधी ती वाचायला बसले. बहुतेक नोंदी दीड ते अडीचच्या, आणि बऱ्याचशा एकाच कोपऱ्यातल्या. मोरीवर मासळी साफ व्हायची, तिचं खवल्यांचं बुळबुळीत पाणी तळणीकडे जायच्या वाटेवर. तिथे फरशी पुसायला एक माणूस ठेवला असता तरी तोच घसरला असता. मासळी मागच्या अंगणातल्या ओट्यावर हलवली, विषय संपला.

एका नोंदीने मात्र माझी झोप उडवली. खोल्या आवरणारा पोरगा संडासातून खोकत, डोळे चोळत बाहेर आला होता. लख्ख निघावं म्हणून त्याने ॲसिड ओतून वर ब्लीचिंग पावडर मारली होती. त्यातून क्लोरीन सुटतो. दार उघडं होतं म्हणून निभावलं. ॲसिड आता आम्ही घरातच आणत नाही.

मिक्सर-फ्रीजच्या बोर्डाला आणि विहिरीच्या पंपाला 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे शॉक बसताच वीज तोडणारे स्विच, बसवून घेतले. वायरमन म्हणाला, "वहिनी, एमसीबी आहे की!" एमसीबी जादा करंट गेला की पडतो; तो वायर वाचवतो, शॉक लागलेल्या माणसाला नाही. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबायचं काम मामंजींकडे आहे. ते न चुकता दाबतात आणि मग फ्रीज बंद पडला म्हणून हाकाही तेच मारतात.

राहिल्या पायऱ्या. तारेच्या ब्रशने घासल्या, चुना मारला, काथ्याची पायपोसं घातली. एक मोठी सर येऊन गेली की चार दिवसांत पुन्हा हिरव्या. शेवटी यांनी गवंडी बोलावला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला पडवीच्या बाजूने खिडकी पाडली. दोन दिवसांचं काम. आता पातेलं खिडकीतून सरकवायचं, आणि पायऱ्या उतरायच्या त्या रिकाम्या हाताने, कठडा धरून.

मावशी कार्तिकात कामावर परतल्या. खिडकीपाशी उभ्या राहून इकडून तिकडून बघितलं आणि म्हणाल्या, "ही आधी का नाय पाडलीत?"

दुपारचं आवरल्यावर मी त्यांना बांगड्या भरायला कासाराकडे घेऊन गेले.