चार स्टेटचं यंत्र आणि कॅलेंडरची पट्टी

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज दुपारी भाची आली होती आणि गेल्या महिन्याचं कॅलेंडरचं पान फाडून त्याच्या लांब पट्ट्या कापत बसली होती. एक पट्टी घेतली, डावं टोक धरून उजवीकडचं त्याच्यावर आणून घडी घातली, मग परत तसंच, मग परत तसंच. उलगडून टेबलावर ठेवली तर 7 घड्या, काही आत दबलेल्या, काही वर आलेल्या. ती म्हणाली मावशी, मी तर दरवेळी एकाच बाजूने घडी घातली ना, मग ह्या उलटसुलट का?

मी तिला दरी आणि डोंगर अशी नावं देऊन वाचायला लावलं. दरी दरी डोंगर दरी दरी डोंगर डोंगर. तिला वाटलं होतं की दरी डोंगर दरी डोंगर असं येईल, आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न ऐकून माझं पुढचं काम राहिलंच, कारण ही माळ मला माहीत होती, फक्त इतकी वर्षं ती पुस्तकातच होती, हातात कधी घेतली नव्हती.

इंजिनिअरिंगला टीओसी (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन) शिकताना फायनाइट ऑटोमॅटन म्हणजे गोल काढायचे, बाण काढायचे आणि दिलेली अक्षरांची ओळ (स्ट्रिंग) ॲक्सेप्ट होते की नाही ते सांगायचं, एवढंच डोक्यात बसलं होतं. म्हणजे मोजक्या स्टेट (अवस्था) असलेलं यंत्र, आत्ता आपण कुठल्या स्टेटमध्ये आहोत ह्यापलीकडे त्याला काही आठवत नाही. असं 4 स्टेटचं यंत्र नुसतं सुरू करून सोडून दिलं तर जास्तीत जास्त 4 पावलांनंतर ते परत जुन्याच स्टेटमध्ये येणार आणि मग तेच तेच घोळवत बसणार, त्याला दुसरा इलाजच नाही. मग ह्या पट्टीची माळ, जी कितीही लांब नेली तरी कधीच एका ठरलेल्या तुकड्याची पुनरावृत्ती होऊन बसत नाही, ती असल्या यंत्रातून कशी येते?

तर गंमत अशी की यंत्राला माळ लिहायला सांगायचीच नाही. त्याला जागेचा नंबर, म्हणजे घडीचा पत्ता, द्यायचा, बायनरीत (फक्त 0 आणि 1 वापरून लिहिलेला), आणि विचारायचं की ह्या जागी काय आहे. ते नंबर उजवीकडून वाचतं, शेवटची शून्यं सोडून देतं, पहिला 1 दिसला की त्याच्या डावीकडचा एकच अंक बघतं. तो 0 असेल (किंवा तिथे अंकच नसेल) तर दरी, 1 असेल तर डोंगर. झालं, एवढ्याला 4 स्टेट पुरतात. 6 म्हणजे 110, शून्य सोडलं, 1 आला, त्याच्या डावीकडे 1, म्हणून सहावी घडी डोंगर. आम्ही पट्टीवर बोट ठेवून ताडून बघितलं, बरोबर निघालं, भाचीने टाळ्या वाजवल्या.

मग तिने विचारलं दहा लाखावी घडी कुठली. 10 लाख बायनरीत लिहिलं की शेवटी 6 शून्यं येतात आणि त्याच्या आधी 1001, म्हणजे दरी. पट्टीला तेवढ्या घड्या पाडायच्या तर 20 वेळा दुमडावी लागेल, जे शक्यच नाही, कारण 2002 साली अमेरिकेत ब्रिटनी गॅलिव्हन नावाच्या शाळकरी मुलीने साधारण 4000 फूट लांबीचा टॉयलेट पेपर घेऊन 12 वेळा दुमडला होता आणि तेव्हाच ते मोठं नवल झालं होतं. पण आपल्याला कागद लागतच नाही, नुसता 20 अंकी पत्ता वाचला की उत्तर मिळतं.

हे मला आज नीट उमगलं. यंत्र छोटंच राहतं, मोठा होत जातो तो पत्ता. न संपणारी गोष्ट यंत्राच्या पोटात कुठे नाहीच आहे, ती आकड्यांच्या लिहिण्यात आहे.

आणि म्हणून आकडा कुठल्या पायात (बेसमध्ये, म्हणजे बायनरीत की दशमानात) लिहिता ह्याला एवढं महत्त्व आहे. 2 चे घात घ्या. बायनरीत ते 1, 10, 100, 1000 असे दिसतात, ओळखायला लहान मुलाला पण सांगता येईल. तेच दशमानात 1, 2, 4, 8, 16, 32, 64, आणि आता कुठलंही मोजक्या स्टेटचं यंत्र ते ओळखू शकत नाही, कितीही स्टेट द्या. ॲलन कोबम ह्या गणितज्ञांनी 1969 मध्ये हे सिद्ध केलं की 2 आणि 10 सारख्या दोन्ही पायांत जमणारी माळ शेवटी साधी तेच तेच फिरणारीच असते. आपली पट्टीची माळ तशी फिरणारी नाही, म्हणजे दशमान पत्ता वाचणाऱ्या कुठल्याच यंत्राला ती येणार नाही. आपण पाया म्हणजे नुसता कपडा समजतो, आतला माणूस तोच. ह्या यंत्रांसाठी तसं नाही.

संध्याकाळी सगळ्या घड्या काटकोनात उघडून टेबलावर उभ्या केल्या की ड्रॅगनचा आकार होतो तेही करून बघितलं, 5 वेळा दुमडलेली पट्टी होती, 31 घड्या, कागद सारखा पडत होता पण आकार दिसला. ती रेघ कितीही घड्या वाढवल्या तरी स्वतःला कधी ओलांडत नाही, कोपऱ्याला कोपरा लागतो एवढंच.

भाची गेल्यावर पानाचा एक तुकडा उरला होता तो चौकोनी कापला आणि एकदाच तिरका दुमडला, कोपऱ्यावर कोपरा. बाजू 1 धरली तर ती घडी वर्गमूळ 2 एवढी लांब. कोबमना 1968 मध्ये वाटत होतं की अशा संख्येचे अंक कुठल्याही पायात असल्या यंत्रातून येणार नाहीत, आणि त्याची सिद्धता यायला जवळपास 40 वर्षं लागली, 2007 मध्ये अदामचेव्स्की आणि ब्युजो ह्या गणितज्ञांकडून. दुमडत दुमडत पाडलेल्या लाखो घड्यांना 4 स्टेट पुरतात, आणि ही एक तिरकी घडी तेवढी कुठल्याच यंत्राच्या हाती लागत नाही. दोन्ही कागद वहीत ठेवलेत.