एलॉय : शेवटच्या ३०० फुटांची शाळा

अमेरिकेतल्या ॲरिझोनात, फिनिक्सहून टूसॉनकडे जाणारा आय-१० महामार्ग धरला की तासाभरात एलॉय येतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सपाट वाळवंट, कापसासाठी नांगरून ठेवलेली रानं, मध्येच लसूणघासाचे हिरवे चौकोन आणि पुढे पिकाचो पीकचा सुळका. आभाळ इतकं मोकळं की जगभरचे स्कायडायव्हर हिवाळ्यात इथेच का येतात, ते कुणाला विचारावं लागत नाही.

भाचा चँडलरला चिपच्या कारखान्यात आहे आणि सुट्टीच्या दिवशी विमानातून उड्या मारतो. ताईने मला सांगून ठेवलं होतं, "तू जातेच आहेस, तर नीट बघून ये." पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हा तो फोटो हीच ताई व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पाठवत होती. स्वतःच्या मुलाचं मात्र तिला वेगळं वाटतं.

मला वाटलं होतं, विमानाच्या दारातून बाहेर पडण्याचं धाडस शिकवत असतील. तिथल्या प्रशिक्षक बाईंना त्यात फारसा रस दिसला नाही. उन्हाने रापलेल्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या बाई. १३,००० फुटांवरून उडी घेतल्यावर मिनिटभर पडायचं, मग छत्री, म्हणजे पॅराशूट, उघडायची. त्यांची खरी शिकवणी तिथून पुढे. आताची छत्री गोल नसते, आयताकृती असते. पुढच्या बाजूने तोंड उघडे असलेले कप्पे हवेने फुगतात आणि कापडाचा पंख तयार होतो. डॉमिना जॅल्बर्ट यांनी १९६० च्या दशकात काढलेली ही युक्ती. हा पंख पुढे उडतो, वळतो, आणि चुकीच्या उंचीवर वळवला तर माणसाला वेगाने जमिनीवर आपटतोही. पूर्ण उघडलेल्या, धडधाकट छत्रीखाली लोक मरतात, त्यामागे जमिनीलगत घेतलेलं जोरकस वळण हे मोठं कारण असतं. बाईंनी हे पहिल्याच तासाला सांगून टाकलं. मी ताईला अजून सांगितलेलं नाही.

भिंतीवर मैदानाचा आकाशातून काढलेला मोठा फोटो होता. विद्यार्थ्याने उतरायच्या जागेवर बोट ठेवायचं आणि उलटं मागे येत रस्ता आखायचा : ३०० फुटांवर वाऱ्याला तोंड, ६०० वर आडवं वळण, १००० फुटांवर वाऱ्याच्या पाठीवर. गणित साधं आहे. छत्रीचा वेग ताशी २० मैल आणि वारा १० मैल धरला, तर वाऱ्यासोबत जाताना जमीन ३० च्या वेगाने सरकते, वाऱ्याविरुद्ध जेमतेम १० च्या. म्हणून वारा वाढला की शेवटचा टप्पा आखूड धरायचा. मग सगळे बाहेर जाऊन, हात वर करून, नसलेल्या दोऱ्या धरून तो रस्ता पायी चालले. माझा इंजिनिअर भाचाही त्यात होता, गंभीर चेहऱ्याने.

दुपारी मी उतरायच्या मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसले. बाईंच्या हातात रेडिओ. विद्यार्थ्याला फक्त ऐकू येतं, उत्तर देता येत नाही. नवख्याला त्या सांगत होत्या, "डावीकडे वळ... सरळ... थांब... आता!" या 'आता'ला दोन्ही टॉगल, म्हणजे छत्री वळवायच्या दोऱ्यांच्या मुठी, सारखेच खाली ओढायचे, म्हणजे फ्लेअर. पाय जमिनीपासून दहा-बारा फुटांवर असताना. लवकर ओढले गेले तर घाबरून परत वर सोडायचे नाहीत, आहेत तिथेच धरून पाय जोडायचे. खाली बघायचं नाही, पुढे बघायचं. एक मुलगा तोल सावरायला उजवा हात जमिनीकडे नेऊ लागला. तोच टॉगल खाली गेला, पंख उजवीकडे कलंडला आणि तो धुळीत लोळला. काही लागलं नाही. बाईंनी मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ त्याला थांबवत थांबवत दाखवला.

भाचा आला तेव्हा रेडिओवर बाई जवळपास गप्प होत्या. त्याचं शिकणं पुढे गेलंय, आता बोलणं कमी करायचं, असं म्हणाल्या. अ-परवान्यासाठी, म्हणजे स्कायडायव्हरच्या पहिल्या परवान्यासाठी, किमान २५ उड्या लागतात आणि त्यांतल्या पाच वेळा तरी खुणेपासून २० मीटरच्या आत उतरावं लागतं. भाचा खुणेच्या बराच पुढे, झुडपांजवळ उतरला, पण पंख सपाट होता. "खूण चुकली तर चालेल. खूण गाठायला शेवटच्या क्षणी वळायचं नाही," बाई मला म्हणाल्या. वाऱ्याला तोंड करून उतरण्यापेक्षाही पंख सपाट असणं आधी. मग त्याला विचारलं, "६०० फुटांवर वळलास तेव्हा उजव्या हाताला काय होतं?" त्याने फोटोवर बोट ठेवलं. ते बरंच पुढे होतं.

चारच्या सुमारास धावपट्टीपलीकडे धुळीचा भोवरा उठला आणि वारा ताशी १४ मैलांच्या वर गेला. विद्यार्थ्यांची मर्यादा तेवढीच, त्यामुळे त्यांची विमानं बंद. जुने खेळाडू चढतच होते. भाचा धुसफुसला. बाईंनी सगळ्या विद्यार्थ्यांना गवतावर नेलं आणि पडायला लावलं : चवडे, पोटरी, मांडी, कुल्ला, मग पाठीवरून तिरकं लोळण. मला म्हणाल्या, "तुम्हीही या."

डाव्या अंगावर मी बरी पडले. उजव्या अंगाला गुडघ्याने साफ नकार दिला. भाच्याने त्याचा व्हिडिओ काढून ताईला पाठवला, आणि संध्याकाळभर फोन मलाच येत राहिले.