कोऱ्यापासून कोळशापर्यंत: आमची वाटचाल

आमच्याकडे लाल, हिरवा किंवा निळा तागा सापडणार नाही. पांढरा, कोरा (कापसाच्या मूळ रंगाचा), सायीचा, बदामी, मातकट, करडा, तपकिरी आणि काळा, एवढ्यातच आम्ही कुर्ते, सलवारी, ओढण्या आणि बंड्या शिवतो. हे शांत रंग एकमेकांशी कसेही जुळतात, अशी समजूत धरून काम सुरू केलं होतं. पहिल्या काही ताग्यांतच ती चुकीची ठरली. शुभ्र पायजम्यावर कोरा कुर्ता नवा असूनही मळकट दिसायचा.

कारण झाकेत आहे. कोऱ्या कापडात कापसाचा मूळचा रंग आणि मेण राहिलेलं असतं, म्हणून त्याला पिवळट झाक येते. बाजारातलं शुभ्र कापड विरंजन (ब्लीच) करून वर चमक आणणाऱ्या रसायनातून काढलेलं असतं. ते रसायन उन्हातली अतिनील किरणं शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतं. असा पांढरा शेजारी आला की कोऱ्याचा पिवळेपणा दुप्पट डोळ्यांत भरतो. तेव्हापासून शुभ्र आणि कोरा आम्ही लागून ठेवत नाही. एकत्र हवेच असतील तर मधे गडद तपकिरी ओढणी किंवा बंडी घेतो. नाहीतर चमक न दिलेलं, नुसतं विरंजित पांढरं वापरतो.

झाक ओळखायची ती दिवसाच्या उजेडात. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, सावलीत, दोन्ही कापडं एकमेकांवर टाकून पाहतो. खाली छपाईचा पांढरा कागद ठेवत नाही, कारण त्यातही तेच चमकीचं रसायन असतं. ट्यूबलाइटखाली सारखे वाटणारे दोन करडे बाहेर आणले की एक हिरवट आणि दुसरा जांभळट निघतो. म्हणून एका जोडातलं प्रत्येक कापड आम्ही दोन उजेडांत तपासल्याशिवाय कातरत नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. कोऱ्यापासून कोळशापर्यंत आम्ही 9 पायऱ्या ठरवल्या आहेत. कुर्ता आणि सलवार एकाच लॉटमधली हवी, नाहीतर निदान 2 पायऱ्या दूर हवी. अर्ध्या पायरीचा फरक सगळ्यांत वाईट, कारण तो जुळवायला जाऊन चुकल्यासारखा दिसतो. घरी तपासायला सोपा उपाय आहे: दोन्ही कपड्यांचा फोनवर कृष्णधवल फोटो काढावा. दोन्ही एकाच करड्यात मिसळले तर अंतर कमी आहे. अशा वेळी पोत मदतीला येतो. मलमल आणि जाड खादी एकाच सुताच्या रंगाची असली, तरी खादीच्या गाठींच्या बारीक सावल्या तिला गडद करतात. टसरची (रानरेशमाची) चमक, मलमलीचा झिरझिरीतपणा आणि घोंगडीचा खरबरीतपणा एकत्र आणले, तर एकाच बदामी रंगात पूर्ण पेहराव उभा राहतो. रंग कमी असतील तितका पोत जास्त लागतो, आणि आमच्या मते या पेहरावाचा जीव तिथेच आहे.

बदामी आणि बिस्किटी रंग निवडताना कापड मनगटाच्या आतल्या बाजूला धरावं. त्वचेशी एकरूप झालं तर ते गळ्याजवळ नको, चेहरा फिका पडतो. तोच रंग सलवारीला चालतो. पायांत चामड्याच्या रंगाची कोल्हापुरी चप्पल असली की सगळ्याला खाली वजन मिळतं. ते कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असल्यामुळे त्याचा तांबूसपणा आमच्या करड्याशी चांगला बसतो.

करडा रंग आम्ही स्वतः करतो, तोही हिरड्यापासूनच. 1 किलो कापड आधी 30 ग्रॅम धुण्याच्या सोड्यात तासभर उकळून मेण आणि खळ काढायची. ही पायरी टाळली तर रंग ठिपक्यांनी बसतो. मग 200 ग्रॅम हिरडापूड 20 लिटर पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर ठेवायचं. पिळून, न धुता, सावलीत वाळवायचं. या टप्प्यावर ते फिकट पिवळं दिसतं. शेवटी 20 लिटर पाण्यात हिराकस (लोहाचा क्षार): 10 ग्रॅमला पावसाळी ढगाचा करडा येतो, 30 ग्रॅमला पाटीचा. दहा मिनिटं सतत हलवत राहावं, थांबलं की घडीच्या रेषा उमटतात. हिराकस वाढवून काळा गाठायचा मोह आवरावा. जास्तीचं लोह सुती धागा कमजोर करतं आणि कापड घडीवर फाटतं. बादली स्टीलची किंवा प्लॅस्टिकची घ्यावी, कारण हिरड्याच्या कापडाला गंजलेला खिळा नुसता टेकला तरी काळा डाग पडतो. उलट, तयार करड्यावर लिंबू किंवा चिंचेचं पाणी सांडलं तर तिथला रंग उतरून फिकट ठिपका राहतो. जेवणाच्या कार्यक्रमाला हा कुर्ता नेताना ते ध्यानात ठेवावं.

शिवून मग रंगवायचं असेल तर दोराही सुतीच हवा. पॉलिएस्टरचा दोरा हा रंग घेत नाही आणि सगळी शिवण पांढरी उठून दिसते. बटणं करवंटीची किंवा शिंपल्याची.

घोंगडीच्या बंड्या पुढे आल्या. दख्खनी मेंढीची लोकर मुळातच काळी, करडी, पांढरी असते, रंगवावी लागत नाही. उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ दिलेली असते. ती धुतल्यावर निघते आणि कापड मऊ होतं, म्हणून बेतण्याआधी धुणं आवश्यक. आत मलमलीचं अस्तर नसेल तर टोचते. साठवताना कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला.

टसर भंडारा-गडचिरोली भागातलं, न रंगवलेलं घेतो. त्याचा मधाळ रंग ताग्यागणिक बदलतो. त्यामुळे साडी आणि ब्लाउज एकाच ताग्यातले नसतील तर ब्लाउज सरळ कोळशी करावा. टसरशी टसर जुळवत बसू नये.

हातमागाचं सुती कापड पहिल्या धुण्यात सहज 5 टक्के आटतं. 42 इंच लांबीच्या, पूर्ण बाह्यांच्या कुर्त्याला 44 इंची पन्ह्याचं अडीच मीटर कापड लागतं. त्यातले 12 सेंटिमीटर आटण्यातच जातात, म्हणून पाण्यातून काढल्याशिवाय बेतत नाही.

गिऱ्हाइकांकडून परत आलेल्या जोडांत बहुतेक वेळा दोष धुण्याचा निघाला. कोरा प्रत्येक धुण्यात थोडा उजळतो. कुर्ता दहा वेळा धुतला आणि सलवार चार वेळा, की जोड फुटतो. दोन्ही नेहमी एकत्र धुवावीत. नीळ घालू नये, आणि 'शुभ्रता' वाढवणारी पावडरही नको, कारण ती कोऱ्यावर निळी चमक चढवते आणि मूळ झाक जाते.

फोटोंनीही बराच त्रास दिला. फोनचा कॅमेरा कोऱ्याला आपोआप पांढरं करून टाकतो. आता प्रत्येक फोटोत करड्या कार्डाचा (रंग जुळवायच्या ठराविक करड्या पुठ्ठ्याचा) तुकडा ठेवून त्यावरून रंग सुधारतो. शिवाय पार्सलसोबत त्याच लॉटचा हातभर तुकडा देतो. पुढची ओढणी किंवा चप्पल घेताना तो बरोबर न्यावा, आणि दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात, सावलीत धरून पाहावा.