लाल वहीतले पत्ते : आमची वाटचाल

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला. आमच्या घरात माग आले ते आजोबांच्या काळात. चार साधे माग, तेही खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुताचं कापड मजुरीवर विणायचं. मी मागावर उभा राहिलो नाही, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. पण डोक्यातला खडखडाट काही गेला नाही. २०११ साली थोरला भाऊ आणि मी यड्रावला एक गाळा भाड्याने घेतला आणि पिक मोजायचं यंत्र करायला बसलो.

आडवं सूत नेणारा धोटा एकदा या टोकाकडून त्या टोकाला गेला की एक पिक. कापड किती निघालं, माग किती वेळ बंद होता, मजुरी किती द्यायची, सगळा हिशेब शेवटी पिकांवर येतो. त्या वेळी मागाला लोखंडी काउंटर असायचे, आणि ते हाताने पुढे कसे सरकवायचे याच्या युक्त्याही शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक असायच्या. आम्ही क्रँकशाफ्टला सेन्सर लावला आणि तिथून ऑफिसपर्यंत वायर ओढली. वायर उंदरांनी खाल्ली. मग पाइपातून ओढली, तर जोडांमध्ये कापसाची भुकटी जाऊन बसली. पहिली पाच वर्षं आम्ही यंत्रं कमी विकली आणि वायरी जास्त बदलल्या.

२०१६ मध्ये वायरलेस केलं. ईएसपी८२६६ हा स्वस्त वायफाय चिप असलेला मॉड्यूल तेव्हा सगळीकडे मिळायला लागला होता. प्रत्येक मागावर एक मॉड्यूल, ऑफिसात एक राउटर. त्या चिपमध्ये मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कवर यंत्र ओळखायचा पत्ता) कारखान्यातच फ्यूज करून आलेला असतो, म्हणजे कायमचा कोरलेला. त्यामुळे हा पत्ता कोण देतं, कुठून येतो, असा प्रश्न पडायची आमच्यावर वेळच आली नाही.

ती वेळ २०१९ मध्ये आली. माग वाढले, तसा प्रत्येक शेडला एक मोठा डबा द्यायचं ठरलं. आत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, चोवीस मागांचे आकडे गोळा करणार, लाइट गेली तरी जपून ठेवणार आणि वायफायने ऑफिसला पाठवणार. बोर्ड आम्ही बनवला, वायफायचा मॉड्यूल मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून घेतला. ड्रायव्हरचा, म्हणजे तो मॉड्यूल चालवणाऱ्या प्रोग्रामचा, सोर्स कोड एका झिप फाइलमध्ये आला. पहिला डबा चालला, आणि त्याच्या मेमरीची हुबेहूब नक्कल मारून आम्ही पुढचे तीस डबे केले. वर्षभर एक तक्रार नाही. कारण साधं होतं, प्रत्येक गिऱ्हाइकाकडे डबा एकच होता.

मग एका मोठ्या मालकांची ऑर्डर आली. तीन शेड, बारा डबे, ऑफिस एक. बसवून आलो आणि तिसऱ्या दिवशी फोन. "अवो, खालच्या शेडचा डबा चालू केला की वरच्या शेडचा मरतोय. वरचा चालू केला की खालचा. भूत शिरलंय काय तुमच्या डब्यात?"

आम्ही पॉवर सप्लाय बदलले. अँटेना बदलल्या. राउटरचं चॅनल बदललं. भावाचं म्हणणं, एवढ्या लोखंडात वायफाय चालणारच नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. (सांगितलं नव्हतं.) दुसऱ्या रात्री पाळी सुटल्यावर मी ऑफिसात बसून राउटरची यादी उघडली. समोर बारा डब्यांचे दिवे लुकलुकत होते आणि यादीत ओळ एकच.

बाराही डब्यांचा मॅक अ‍ॅड्रेस एकच होता. राउटरच्या दृष्टीने समोर माणूस एकच. एक डबा जोडला जातो, दोघांमध्ये गुप्त चाव्या ठरतात. तेवढ्यात त्याच नावाचा दुसरा येऊन म्हणतो, मी आलो. राउटर जुन्या चाव्या टाकून नव्या देतो, आणि पहिला काही कळायच्या आत बाहेर. मग पहिला परत येतो. बारा जण एका खुर्चीसाठी भांडत होते.

घरी येऊन ड्रायव्हर वाचला. आधी नीट वाचला असता तर दोन रात्री वाचल्या असत्या. चिपमधल्या फ्यूजची जागा कोरीच होती, कारखान्याने तिथे काही लिहिलंच नव्हतं. फ्यूज कोरे असले की ड्रायव्हर सोबतच्या कॅलिब्रेशनच्या फाइलमधला पत्ता उचलायचा, आणि त्या फाइलमध्ये नमुन्यादाखल एक पत्ता लिहिलेला. नक्कल मारताना तो आम्ही सगळीकडे वाटला. व्यापाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "साहेब, अ‍ॅड्रेस तुम्हीच घालायचा असतो, सगळे घालतात." मला राग आला खरा, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ड्रायव्हरला पत्ता लागतो, तो कुणीतरी द्यायचा असतो, आणि त्या साखळीत तो 'कुणीतरी' मीच आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे ४८ बिटांचा आकडा. एवढा लांब का, हे शोधताना एक नाव सापडलं आणि बरं वाटलं. योगेन दलाल, आयआयटी मुंबईतून १९७२ साली बाहेर पडलेले. इंटरनेटच्या टीसीपीचा, म्हणजे डेटा पोचवायच्या नियमांचा, १९७४ चा पहिला आराखडा लिहिणाऱ्या तिघांमध्ये ते होते. पुढे झेरॉक्समध्ये असताना १९८१ साली त्यांनी आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी मांडलं, की यंत्राचा नंबर ते कुठल्या जाळ्यात आहे यावर अवलंबून नको. जगात कुठेही नेलं तरी त्याचा म्हणून एकच नंबर हवा, म्हणून तो ४८ बिटांचा. आधी नंबरांचे गठ्ठे झेरॉक्स वाटायची, नंतर ते काम आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेकडे गेलं. कंपनी गठ्ठा घेते आणि त्यातला एकेक नंबर आपल्या यंत्राला देते. एक नंबर दोघांना द्यायचा नाही, एवढाच नियम. आणि आम्ही एक नंबर बेचाळीस जणांना दिला होता.

पहिला उपाय मी एका रात्रीत केला आणि खूश झालो. पत्ता मिळाला नाही तर यादृच्छिक पत्ता बनवायची सोय लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, तयार आहे. ड्रायव्हरमध्ये एक ओळ घातली, बारा डबे बारा पत्त्यांनी जोडले गेले. चार दिवसांनी परत फोन, आता तर ऑफिसातला कॉम्प्युटरही नेटला लागेना. प्रकार असा, की दरवेळी डबा चालू झाला की नवा पत्ता बनवायचा. राउटरकडे वाटायला शंभर आयपी, म्हणजे नेटवर्कमधले तात्पुरते पत्ते, आणि एकदा दिलेला आयपी तो चोवीस तास परत घेत नव्हता. आमच्याकडे लाइट किती वेळा जाते हे बाहेरच्यांना सांगून पटणार नाही. पावसाळ्यातल्या त्या दिवशी नऊ वेळा गेली. बारा नव्वे एकशे आठ.

म्हणजे पत्ता वेगळा हवा आणि कायमचाही हवा. मग लिनक्सचा मशीन आयडी (लिनक्सने डब्याला दिलेला ओळखनंबर) घेऊन त्यातून पत्ता काढला. पण आमची नक्कल मारायची सवय! मशीन आयडीसुद्धा बाराही डब्यांत तोच. शेवटी प्रोसेसरच्या आतल्या सीरियल नंबरपाशी आलो. तो खरोखर प्रत्येकाचा वेगळा होता. त्याचा हॅश काढायचा, म्हणजे गणिताने घुसळून त्यातून नवा आकडा काढायचा, पहिले सहा बाइट घ्यायचे आणि चालू होताना ड्रायव्हरला द्यायचे.

निम्मे डबे चालले, निम्म्यांनी पत्ता घ्यायला साफ नकार दिला. बरोबर निम्मे, यातच उत्तर होतं, पण मला दिसायला संध्याकाळ झाली. पहिल्या बाइटचा शेवटचा बिट एक असेल तर तो पत्ता एका यंत्राचा नसतो, समूहाचा असतो, आणि कर्नल तो कुठल्याही यंत्राला लावू देत नाही. हॅशमध्ये तो बिट निम्म्या वेळा एक येणारच. तो बिट शून्य करायचा, आणि त्याच्या शेजारचा, म्हणजे शेवटून दुसरा, एक करायचा. दुसऱ्याचा अर्थ, हा पत्ता आयईईईच्या गठ्ठ्यातला नाही, आम्ही घरगुती बनवलाय. असा पत्ता ओळखायला सोपा, त्याचा दुसरा अंक २, ६, ए नाहीतर ई असतो. आजकाल फोन दर वायफायला स्वतःचा खोटा पत्ता दाखवतात, तेही याच जातीचे.

घरगुती पत्त्यांवर आमचं दुकान २०२१ पर्यंत चाललं. मधला लॉकडाऊनचा काळ सांगण्यासारखा नाही. माग बंद, आम्ही बंद, एवढंच.

परत सुरू झालो तेव्हा एका कापड गिरणीची मोठी चौकशी आली. त्यांच्या आयटीवाल्या साहेबांनी डबा हातात घेतला, पत्ता बघितला आणि म्हणाले, "हा घरगुती पत्ता. आमच्या नेटवर्कला चालायचा नाही. यंत्रावर स्टिकर पाहिजे, आणि आम्ही यादीत लिहून घेऊ तो नंबर जन्मभर तोच राहिला पाहिजे." आयईईईचा स्वतःचा गठ्ठा घ्यायचा तर तेव्हाच्या आमच्या उलाढालीला तो खर्च झेपत नव्हता. तेव्हा मायक्रोचिपची २४एए०२ई४८ ही बारकी चिप सापडली. २५६ बाइटची मेमरी, तिच्या शेवटच्या सहा बाइटांत त्यांच्या गठ्ठ्यातला अस्सल नंबर आधीच लिहिलेला, आणि तो भाग पुसता येत नाही. दोन वायरींवर बसते. बोर्डावर जागा होती. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय कुठे आहे ते कर्नलला सांगणाऱ्या यादीत, लिहायचं, की वायफायचा पत्ता या मेमरीतल्या या जागी आहे, आणि ड्रायव्हरने कर्नलला विचारायचं. आमचा झिपमधला ड्रायव्हर कुणालाच काही विचारत नव्हता. त्याला विचारायला शिकवलं, पंधरा-वीस ओळी.

गिरणीत चाळीस डबे बसले. आणि अधूनमधून एखादा, कधी हा, कधी तो, घरगुती पत्ता घेऊन उठायचा आणि साहेबांचं नेटवर्क त्याला दारातच अडवायचं. परत चालू केला की ठीक. या एका गोष्टीने माझे तीन आठवडे खाल्ले. चालू होताना कधीकधी वायफायचा ड्रायव्हर आधी उठतो आणि मेमरीचा ड्रायव्हर मागून. अशा वेळी पत्ता मागितला तर कर्नल सांगतो, आत्ता नाही, थोड्या वेळाने या. तसा स्वतंत्र एरर कोडच आहे. मी मात्र कुठलाही एरर आला की 'पत्ता नाही' असं समजून घरगुती पत्ता लावत होतो. तलाठी जेवायला गेला म्हणून सातबाराच नाही असं धरून चालण्यातला प्रकार. 'नंतर या' म्हटलं की ड्रायव्हरनेही मागे फिरायचं आणि कर्नल परत बोलावेल तेव्हा यायचं, असं केलं. चार ओळी. त्यानंतर गिरणीतून तसा फोन आला नाही.

झिपमधल्या ड्रायव्हरने अजून एकदा छळलं. २०२२ च्या ५.१७ कर्नलमध्ये नेटवर्क यंत्राचा पत्ता थेट मेमरीत लिहायला बंदी आली, त्यासाठी ठरलेलं फंक्शनच वापरावं लागतं. जुना कोड कंपाइल होईना. बदल एका ओळीचा, पण त्या निमित्ताने मी कर्नलमध्येच असलेला ड्रायव्हर चालेल असा मॉड्यूल निवडला. चार पैसे जास्त गेले. झिपवाल्या मालाकडे मी परत फिरकलो नाही.

धंदा वाढला तसा २०२३ मध्ये आयईईईचा सगळ्यात लहान गठ्ठा घेतला. ४०९६ पत्ते. ऐकायला भरपूर, पण आमच्या एका डब्याला दोन लागतात. एक राउटरला जोडायला आणि एक डबा स्वतः हॉटस्पॉट होतो तेव्हाचा, फोनवरून सेटिंग करण्यासाठी. म्हणजे डबे २०४८.

पत्ते वाटायचं काम सुरुवातीला टेस्टिंगच्या दोन टेबलांवरच्या दोन कॉम्प्युटरांवर एक्सेलमध्ये होतं. एका शनिवारी दोन्हींनी एकच फाइल उघडली आणि सहा नंबर दोनदा वाटले. माल पॅक व्हायच्या आत सापडलं ते वहिनींमुळे. त्या स्टिकर लावतात, आणि त्यांच्या लक्षात नंबर राहतात. मी डेटाबेस करायचं बोलायला लागलो तर म्हणाल्या, "भावजी, तुमचं ते करा सावकाश. तोवर माझ्याकडे द्या." दुसऱ्या दिवशी त्यांनी सायझिंगवाले, म्हणजे सुताला खळ लावणारे, हिशेबाला वापरतात तसली लाल कापडी वही आणली. प्रत्येक ओळीत नंबर, बोर्डाचा सीरियल, तारीख, गिऱ्हाईक आणि सही. वहीत ओळ लिहिल्याशिवाय टेस्टिंगवाला पोरगा पत्ता फ्यूज करत नाही. फ्यूज एकदा जाळले की परत फिरत नाहीत, त्यामुळे तोही वहिनींना विचारूनच बटण दाबतो. डेटाबेस नंतर झाला, रोज रात्री वहीशी ताडून बघतो. आजवर दोनदा फरक निघाला, दोन्ही वेळा वही बरोबर होती. पाडव्याला वहीपूजनात आता तीच असते. वीज पडून जळलेल्या डब्यांचे नंबर तिच्यात लाल पेनाने खोडलेले आहेत, ते परत वाटायचे नाहीत.

पहिल्या तीस डब्यांपैकी एकोणतीस आम्ही फुकट बदलून दिले. एक राहिलाय. जुन्या गावभागातले एक काका आहेत, आठ मागांचे मालक. "चालतंय न्हवं? मग हात लावू नका," म्हणतात. त्यांच्याकडे डबा एकच, म्हणून तो नमुन्याचा पत्ता घेऊन सुखाने चालतोय. मागच्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. शेजारची शेड घेतलीय, अजून एक डबा पाहिजे. रविवारी लाइट नसते तेव्हा जाणार आहे. वहिनींनी दोन ओळी आधीच लिहून ठेवल्यात.