जावेसोबत कोर्टात

धाकट्या जावेला घेऊन सातपूरहून नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरले, तेव्हा तिच्या मनगटावरचा वळ अजून काळानिळा होता. आदल्या दिवशी एका चौकीत ‘घरातलं भांडण घरात मिटवा’ हे ऐकून आलो होतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात मात्र अर्ज भरून घेतला. वकील मोफत. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे मला चाळिशीतही ठाऊक नव्हतं! कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात संरक्षण अधिकारी आहे, राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. हे ऐकून ती पहिल्यांदा रडली. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. नाही बोलल्या तरी चालेल. महिला हेल्पलाइनचा १८१ आणि मोफत कायदेशीर मदतीचा १५१०० हे नंबर तिच्या पोळपाटाच्या मागे लिहून ठेवलेत.