रातांब्यांचा फोटो

बुधवार, २८ मे २०२५

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. यंदा मान्सून २५ तारखेलाच देवगडला पोचला, आणि त्याआधीचा आठवडाही सरींतच गेला. गच्चीवरची आमसुलं चार वेळा आत-बाहेर केली, शेवटी माजघरात पंख्याखाली पसरून ठेवली. आता जरा सवड मिळाली आहे, तर मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर खातं उघडून पंधरा दिवस झाले त्याबद्दल लिहून ठेवते.

खातं भाचीने उघडायला लावलं. इलॉन मस्कने ट्विटर घेतल्यावर २०२२ च्या नोव्हेंबरात जो लोंढा तिकडे गेला, त्यातच ती गेली होती. मला तेव्हा गरज वाटली नाही. पण ज्या ठिकाणी मी इतकी वर्षं लिहीत होते, तिथे हळूहळू माझीच माणसं दिसेनाशी झाली. जाहिरात, अनोळखी लोकांची भांडणं, पुन्हा जाहिरात. शाळेतल्या मैत्रिणीची आई गेल्याचं मला नऊ दिवसांनी कळलं. तिने ते त्याच दिवशी तिथे लिहिलं होतं, माझ्यापर्यंत आलंच नाही. ते मनाला फार लागलं. त्याच रात्री भाचीला फोन केला.

"मावशी, आधी सर्व्हर निवड," ती म्हणाली, आणि मी तिथेच अडले. मग तिने ई-मेलचा दाखला दिला. जीमेलवाल्याचं पत्र याहूवाल्याला जातं की नाही? तसंच हे. ऑयगेन रॉख्को नावाच्या जर्मनीतल्या तरुणाने २०१६ मध्ये हे सुरू केलं, पण कुणीही आपला सर्व्हर चालवू शकतं आणि ते सगळे एकमेकांशी बोलतात. म्हणून माझ्या नावाला दोन भाग: आधी मी, मग माझा सर्व्हर. माणसाचं नाव आणि गावाचं नाव म्हणा ना.

तीन सर्व्हरांचे नियम नीट वाचले आणि त्यातला एक लहानसा निवडला. कोण चालवतं, पैसे कुठून येतात (लोकांच्या देणग्यांतून), काय चालणार नाही, हे साध्या शब्दांत लिहिलेलं होतं. मला तेवढं पुरलं. उद्या पटेनासं झालं तर दुसरीकडे जाता येतं. आपल्याला फॉलो करणारे बरोबर येतात, जुनं लिखाण मात्र मागेच राहतं. भाचीने आणखी एक बजावलं: इथले खासगी निरोप कुलूपबंद नसतात, सर्व्हर चालवणाऱ्याला ते पाहता येतात. तेव्हा बँकेचं, घरचं तिथे लिहायचं नाही.

पहिल्या संध्याकाळी पडदा कोरा. अक्षरशः काही नाही. इथे आपण ज्यांना फॉलो करू त्यांचंच, आणि ज्या क्रमाने त्यांनी लिहिलं त्या क्रमाने दिसतं. कुणी मधे बसून निवडून वाढत नाही. दोन दिवस खूप एकटं वाटलं. मग मराठीचा हॅशटॅग फॉलो केला, पक्ष्यांचा केला, मग एकेक माणूस शोधत गेले. आवडलं म्हणून नुसता तारा दिला तर लिहिणाऱ्याला कळतं, पण ते पुढे चार लोकांपर्यंत जायला 'बूस्ट' करावं लागतं. हे समजल्यावर मी आवडलेलं सगळं बूस्ट करू लागले. इथे माणसाच्या हातानेच गोष्ट पुढे सरकते, आणि मला ते योग्य वाटतं.

आता खरं सांगायचं ते फोटोचं. पाचव्या दिवशी मी रातांब्यांचा, म्हणजे आमसुलं ज्यांची होतात त्या कोकमाच्या फळांचा, फोटो टाकला. अर्ध्या तासात एका अनोळखी बाईंनी लिहिलं, "फोटोला वर्णन जोडाल का? ज्यांना दिसत नाही त्यांनाही कळेल." फोटोखाली त्यासाठी वेगळी जागा असते, दीड हजार अक्षरांची. पोस्ट नंतर दुरुस्तही करता येते. मी लगेच बसले, आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की माझ्या घरातले भाऊजी, काचबिंदूने दृष्टी गेलेले, गेली सहा वर्षं फोनवरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकवर माझे फोटो 'ऐकत' होते आणि त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्या हे मनातही आलं नाही.

लिहिलं ते असं: "वेताच्या सुपात अर्धी केलेली रातांब्यांची सालं. बिया काढलेल्या. कडेची सुकून काळपट, आकसलेली. मधली अजून ओली, जांभळट लाल, चमकणारी. बाजूला स्टीलच्या पातेल्यात मीठ घातलेला रस. त्यात बुडवून सालं पुन्हा उन्हात घालतात, असं चार-पाच दिवस. सुपाच्या काठावर एका बाईचा हात, बोटं लाल झालेली."

रात्री फोन भाऊजींच्या हातात दिला. तो यांत्रिक आवाज माझे शब्द वाचत होता, 'रातांब्यां'वर जरा अडखळला. भाऊजी मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "पुन्हा लाव." दुसऱ्यांदा ऐकून म्हणाले, "रंग सांगितलास. वास राहिला."

मी वास घातला. आंबट, खारट, उन्हात तापलेल्या सुपाचा. त्या पोस्टला कारवारच्या एकांनी उत्तर दिलं की त्यांच्याकडे बियांचं तेल अजून घरी काढतात, थंडीत ओठांना लावतात. त्यांना मी फॉलो केलं आहे.

आज माजघरातल्या आमसुलांचा फोटो काढला. उजेड कमी आहे, नीट आला नाही. वर्णन मात्र भाऊजींना समोर बसवून लिहिलं. पंख्याचा आवाज घाल, ते म्हणाले, आणि पत्र्यावरचा पाऊस.